टपालगाडी आणि तींतील माणूस

अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत अथेन्स नांवाचें शहर आहे. २०२४ सालीं तेथील रस्त्यांवर टपालखात्याची नव्या धर्तीची मोटार प्रथम फिरूं लागली. समोर भली मोठी कांच, बदकाच्या चोचीसारखें सखल तोंड आणि उंच पाठ असें तिचें रूप. लोकांनीं त्याची यथेच्छ थट्टा केली. पोस्टमनांस रूपाशीं कर्तव्य नव्हतें. गाडींत हवा थंड करण्याचें यंत्र आहे, एवढ्यावरच ते संतुष्ट झाले. ज्या देशांत सामान्य गृहस्थाच्या मोटारींत ही सोय कित्येक वर्षें गृहीत धरली जाते, तेथें टपालवाल्याच्या वांट्यास ती येण्यास इतका विलंब कां लागावा, याचा आम्हीं थोडा मागोवा घेतला.

शहरांत घरोघर फुकट टपाल पोंचविण्याची पद्धत तेथें १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतांना सुरू झाली. खेड्यांतील शेतकऱ्यांस तो लाभ १८९६ पासून मिळूं लागला. मात्र तेथें घोडा आणि गाडी पोस्टमननें स्वतःची आणावयाची असे. आजही ग्रामीण भागांतील पुष्कळ पोस्टमन भत्ता घेऊन आपलीच मोटार राबवितात! कामाचा दिवस आठ तासांचा असावा, असा कायदा १८८८ सालीं झाला खरा. परंतु त्याचा अर्थ काय यावरून तंटा माजून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १८९३ सालीं निकाल पोस्टमनांच्या बाजूनें लागला. कायदा होणें आणि तो हातीं पडणें यांत पांच वर्षें गेलीं.

पुढें १९१३ सालीं पार्सलांची ने-आण सुरू झाल्यावर ओझें वाढलें व घोड्यांची जागा हळूहळू मोटारींनीं घेतली. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याकडे उरलेल्या मोटारी टपालखात्याच्या गळ्यांत पडल्या. १९५० नंतरच्या काळांत तीन चाकांची एक हलकी गाडी निघाली. कागदावर ती स्वस्त व सुटसुटीत होती. परंतु वाऱ्याच्या झोताबरोबर ती कलंडे आणि बर्फांत रुतून बसे. असें असूनही १९६० नंतर कांहीं काळ खात्याच्या एकूण गाड्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश गाड्या याच जातीच्या होत्या. गाडी पसंत करणारा आणि तींत बसणारा यांची गांठ फारशी पडत नसावी.

पगाराचीही कथा तीच. १९७० सालीं नव्या पोस्टमनला वर्षास ६,१७६ डॉलर मिळत, आणि ८,४४२ डॉलरांची कमाल मर्यादा गांठण्यास त्याला २१ वर्षें घालवावीं लागत. न्यूयॉर्कसारख्या महाग शहरांत कित्येक कुटुंबें सरकारी मदतीस पात्र ठरत होतीं. सरकारी नोकरांस संप बेकायदेशीर असतांही त्या वर्षीं १८ मार्चला न्यूयॉर्कच्या पोस्टमनांनीं काम बंद केलें. लोण देशभर पसरलें. अध्यक्ष निक्सन यांनीं टपाल निवडण्यास सैनिक धाडले. पण त्यांना तें काम साधेना. अखेर वेतन वाढलें, आणि १९७१ सालीं खात्याची पुनर्रचनाही झाली.

ज्या गाडीची जागा आतां नवी मोटार घेत आहे, ती यानंतरची. चंद्रावर माणसें उतरविणारें यान ज्या ग्रुमन कंपनीनें बांधलें, तिच्याकडेच १९८६ सालीं हें काम गेलें. टेक्सासमधील लारेडो येथें नमुन्याच्या गाड्या खड्ड्यांतून व दगडी रस्त्यांवरून हजारों मैल पिटाळून पाहिल्या होत्या. अंग ॲल्युमिनियमचें, म्हणून गंज चढण्याची भीति नाहीं. अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात व सुकाणू डावीकडे असतें. या गाडींत तें मुद्दाम उजवीकडे ठेविलें, कीं खालीं न उतरतां रस्त्याकडेच्या पेटींत हात घालतां यावा. थोड्या जागेंत ती चटकन् वळे. १९८७ ते १९९४ या काळांत अशा १,४०,००० हून अधिक गाड्या निघाल्या. त्यांचें नांवच ‘लाँग लाइफ व्हेइकल’, म्हणजे दीर्घायुषी गाडी, असें होतें. तीनचाकीच्या मानानें ती वरदानच होती, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु दीर्घायुष्याचा हिशेब सगळा धातूचा होता. २४ वर्षें चालावी म्हणून बांधलेली गाडी ३० वर्षें ओढावयाची ठरली, आणि कित्येक त्याहूनही पुढें ओढल्या गेल्या. आंत थंड हवा नाहीं, अपघातांत छाती वांचविणारी हवेची पिशवी नाहीं. समोर एक लहानसा पंखा. ॲल्युमिनियमची पेटी उन्हांत तापली म्हणजे तो पंखा तापलेलीच हवा तोंडावर मारतो. २०१८ च्या जुलईंत लॉस अँजेलिसच्या परिसरांत एक पोस्टमन स्त्री अशा उन्हांत आपल्या गाडींतच मरण पावली. शिवाय जुन्या गाड्या चालतांचालतां पेट घेऊं लागल्या. असे शेंकडों प्रकार घडले.

मग बदलल्या कां नाहींत? पहिल्या वर्गाचीं पत्रें २००१ सालीं शिखरास पोंचलीं आणि तेथून घटत गेलीं. पत्रांसाठीं बेतलेल्या गाडींत पार्सलें कोंबण्याची पाळी आली. त्यांत २००६ च्या कायद्यानें निवृत्त नोकरांच्या भावी औषधोपचारासाठीं दरवर्षीं सुमारें साडेपांच अब्ज डॉलर आगाऊ बाजूस ठेवण्याचा बोजा खात्यावर लादला. हेतु वाईट नव्हता. पण निवृत्तांच्या प्रकृतीची तरतूद करतां करतां नोकरींत असलेल्यांच्या प्रकृतीकडे पाहण्यास पैसा उरला नाहीं! हा बोजा २०२२ सालीं उतरला.

तत्पूर्वीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें, विस्कॉन्सिनच्या ऑशकॉश कंपनीस नव्या गाड्यांचें काम मिळालें होतें. लगेच वाद पेटला तो विजेचा कीं पेट्रोलचा, आणि कारखाना कोणत्या संस्थानांत असावा याचा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच. पण त्या गदारोळांत पंख्याची गोष्ट मागें पडली. २०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या ६६,००० गाड्या २०२८ पर्यंत घेण्याचें जाहीर झालें. २०२४ चा नोव्हेंबर उजाडला तरी त्यांपैकीं ऑशकॉशच्या कारखान्यांतून शंभरही आल्या नव्हत्या, आणि जुन्या गाड्यांतील पंखे आणखी एक उन्हाळा फिरून झाले होते.