लॉर्ड सॅलिस्बरी व सुप्याचा दंगा

शहाजीराजांच्या जहागिरींतील परगणा म्हणून सुपें इतिहासज्ञांस परिचित आहे. याच गांवीं १२ मे १८७५ (शके १७९७) रोजीं, आठवड्याच्या बाजारीं, रयतेनें गुजराथी सावकारांचीं दुकानें लुटून त्यांच्या वह्या व रोखे जाळिले. दख्खनच्या दंग्यांचा आरंभ तो हा. या प्रसंगाचा विचार करितांना विलायतेंतील एका सरदाराचें चरित्र जवळ ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

रॉबर्ट सेसिल, तिसरा मार्क्विस ऑफ सॅलिस्बरी, याचा जन्म १८३० सालीं हॅटफील्ड येथें झाला. एलिझाबेथ राणीचा मंत्री बर्ली याचा हा वंशज. १८५३ त तो पार्लमेंटांत शिरला. धाकटी पाती असल्यामुळें लग्नानंतर कित्येक वर्षें त्यानें नियतकालिकांत लेख लिहून प्रपंचास हातभार लाविला. वडील बंधु वारल्यावर वारसा त्याजकडे आला. १८६६ च्या जुलैंत तो भारतमंत्री झाला, तेव्हां ओरिसांत भयंकर दुष्काळ होता. त्या वेळीं झालेल्या दिरंगाईचा दोष त्यानें पुढें स्वतःकडे घेतला. मताधिकाराच्या बिलावरून १८६७ त त्यानें अधिकार सोडला. १८७४ त तो पुन्हां त्याच जागीं आला.

एप्रिल १८७५ मधील त्याचें टिपण प्रसिद्धच आहे. वसुलाचा मोठा भाग मोबदल्यावांचून देशाबाहेर जातो, हें त्यांत त्यानें मान्य केलें. आणि रक्त काढणें प्राप्तच असेल तर शस्त्र आधींच क्षीण झालेल्या शेतकऱ्यास लावूं नये, असें सुचविलें. दादाभाई नौरोजींनीं हीच कबुली पुढें वारंवार पुढें केली. टिपणास महिना लोटण्यापूर्वींच सुप्यास होळी पेटली!

कारणें उघड आहेत. अमेरिकन युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव उतरले. इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत फेरजमाबंदीनें सारा वाढला. शिवाय १८५९ च्या कायद्यानें दाव्याची मुदत तीन वर्षें ठरल्यानें खत वरचेवर नवें होई व व्याज मुद्दलांत मिळे. सारा ठरविणारा लंडनचा मंत्री कुणब्यानें कधीं पाहिला नव्हता. दिसत होता तो गांवचा सावकार. म्हणून राग त्याच्या वह्यांवर निघाला.

सॅलिस्बरीनें रोग ओळखिला, पण उपाय केला नाहीं, असें आमचें मत आहे. १८७८ त तो परराष्ट्रमंत्री झाला व पुढें तीनदां मुख्य प्रधान. १८७९ च्या कायद्यानें दख्खनच्या रयतेच्या कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला; साऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मंत्र्याचें टिपण छापून सुरक्षित राहिलें. सुप्याचे रोखे राख झाले. यास्तव भीमथडी–इंदापूर भागांत त्या काळची एखादी सावकारी वही कोणा संग्राहकास आढळल्यास ती रद्दी समजूं नये. या वादांतील दुसऱ्या पक्षाची साक्ष तींतच आहे.