मुखपाकाचे दप्तर

व्याधींचा इतिहास लिहिणारे बहुधा पटकी, प्लेग आणि देवी या गावे ओस पाडणाऱ्या साथींकडेच वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जिच्यामुळे सहसा कोणी दगावत नाही आणि जी आयुष्यात एकदाही झाली नाही असा माणूस सापडणे कठीण, त्या मुखपाकाचे, म्हणजे घरगुती बोलीतल्या तोंड येण्याचे, दप्तर उघडून पाहिले तर आपला समाज काय खात होता, काय चघळीत होता आणि दुखण्याचा निवाडा कोणाकडून करून घेत होता, याची मोठी विश्वसनीय नोंद त्यात आढळते.

या दप्तरातील सर्वांत जुने कागद संस्कृत वैद्यकाचे. सुश्रुताने मुखरोगांची संख्या 65 दिली असून ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू आणि कंठ अशी स्थाने वेगळी करून, सर्व मुख व्यापणाऱ्या विकारांचा सातवा वर्ग त्याने केला आहे. पुढे वाग्भटाने ही संख्या 75 वर नेली. उपचारही त्यांनी अशाच काटेकोरपणे वर्णिले आहेत: औषधी द्रव तोंडात खळखळवता येईल इतकाच घ्यावयाचा तो कवल, हालवताच येऊ नये इतके तोंड भरून धरावयाचा तो गंडूष, आणि बोटाच्या टोकाने व्रणावर औषध चोळणे ते प्रतिसारण. परंतु या ग्रंथकारांचा खरा मोठेपणा औषधांच्या याद्यांत नाही. मुखरोगांचे प्रकरण संपविताना सुश्रुताने त्यांतील असाध्य रोग नावानिशी निराळे काढले आणि त्यांवर उपचार करणे झाल्यास रोग्याला असाध्यतेची कल्पना आधी द्यावी असे बजावले. म्हणजे तोंडातील सगळ्याच जखमा एका माळेचे मणी नव्हेत, हे त्याने पक्के ओळखले होते.

ग्रंथांतून घरात उतरताना औषधे टिकली. ही निवड मात्र वाटेत गळून पडली. महाराष्ट्रातील परसदारी जाईचा वेल फुलांसाठी लावला जाई हे खरे, पण तोंड आले की त्याची कोवळी पाने धुऊन चघळावीत आणि रस तोंडात घोळवून थुंकावा, हा आजीबाईचा पहिला हुकूम असे. त्यानंतर तोंडलीचा पाला, ज्येष्ठमधाचा तुकडा, गाईचे लोणी, त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्या आणि पोटात गुलकंद, असा क्रम लागे. एवढ्याने भागले नाही तर टाकणखाराची लाही केली जाई: तिबेटातील सरोवरांकाठचा हा खार व्यापाऱ्यांच्या तांड्यांतून हिमालय ओलांडून पेठेत येई, आणि त्याचा खडा तापल्या तव्यावर टाकला की आतले पाणी उकळून बाहेर पडताना तो चरचरत फुगे, पांढराशुभ्र व हलका होई, मग ती लाही बोटाने चुरून मधात कालवायची आणि फोडावर लावायची. या सर्व उपायांमागे ‘उष्णता झाली’ हे एकच निदान होते, आणि ते इतके सर्वमान्य होते की त्याविरुद्ध अपील करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

तोंड आले असता वैद्य देत त्या खदिरादि वटीतला कात कोठून येई, हे पाहू गेल्यास हा इतिहास माजघरातून उठून थेट उत्तर कोकणच्या रानात जातो. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील कातकरी कोरड्या दिवसांत खैराची झाडे तोडीत, वरचे पांढरे लाकूड तासून टाकून आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढीत आणि त्या मडक्यांत पाणी घालून उकळीत ठेवीत. पाण्याला गडद रंग आला की ते गाळून पुन्हा आटवीत, आणि दाट झालेला रस थिजला म्हणजे त्याच्या वड्या पाडून वाळवीत. पोटापुरते धान्य मिळावे म्हणून धुरात बसून केलेला हा माल व्यापाऱ्याकडे जाई. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांचा बंदोबस्त कडक होत गेला, खैर तोडण्यावर निर्बंध आले, आणि या जमातीतील पुष्कळांना कोळशाच्या भट्ट्यांवर राबण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कातातील तुरट द्रव्य व्रणाच्या पृष्ठभागावरील ऊती आक्रसून त्यावर पातळ आवरण धरते, म्हणून त्याने आराम पडे यात संशय नाही. पण त्याच कातातला फार मोठा हिस्सा पानाच्या तबकात जाऊन चुना व सुपारी यांच्या पंक्तीस बसे, आणि जे तोंड बरे करायचे त्याच तोंडाला रात्रंदिवस डिवचीत राही.

इंग्रजी अंमलात तालुक्याच्या दवाखान्यातून ग्लिसरिनात कालवलेला टाकणखार मिळू लागला, आणि पुढे जेन्शियन व्हायोलेटच्या बाटलीने मुलांची तोंडे जांभळी केली. परंतु औषध बदलले तरी विचार बदलला नाही. तो बदलला मुंबईच्या गिरणगावाच्या निमित्ताने. 1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत राहून, कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. हा रोग जंतूंचा नसून निकस अन्नाचा आहे, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल, ज्याच्या अभावी रक्त तर उतरतेच, पण जीभही सोलल्यासारखी लाल होऊन तोंड येते. त्याच दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे एक्रॉइड आणि कृष्णन् यांनी, कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या दक्षिणेतील मुलांच्या चिरलेल्या ओठांचा व सुजलेल्या जिभांचा संबंध ‘ब’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला. उष्णतेच्या जुन्या निदानाला हा पहिला साधार पर्याय होता, आणि त्याचा अर्थ असा की गरिबाच्या तोंडातील फोड हा पुष्कळदा त्याच्या ताटाविषयीचा अहवाल असतो.

दुसरा धडा अधिक कठोर होता, आणि तोही मुंबईनेच दिला. तंबाखूचे आगमन आपल्याकडे दख्खनच्या वाटेने झाले. अकबराचा वकील असद बेग याने विजापुरात ती पाहून 1604–05 च्या सुमारास बादशहाला नजर केली, आणि पुढे चिलमीपासून मशेरीपर्यंत तिने घरोघर वतन मिळविले. 1941 मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकर यांनी 1944 साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या 1000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. 1952 मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांत श्वार्ट्झ यांना जो आवळत जाणारा विकार दिसला, त्याचेच वर्णन पुढल्या वर्षी डॉ. जोशी यांनी केले; सुपारी खाणाऱ्याला प्रथम तिखट सोसत नाही, वारंवार फोड येतात, आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्र सरकारने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, ती या मालिकेतील बऱ्याच उशिराची सरकारी तजवीज.

आता या सर्व कागदांवरून निवाडा करावयाचा, तर तो आजीबाईच्या विरुद्ध जात नाही आणि तिच्या बाजूनेही पुरता लागत नाही. साधा फोड एक-दोन आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्यामुळे जाईच्या पाल्यापासून ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळीपर्यंत ज्याचा त्याचा इलाज यशस्वी ठरला, आणि हीच या व्याधीच्या इतिहासातील मोठी फसगत होय. जाईचा पाला खुशाल चघळावा, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात, तिखट व गरम चार दिवस टाळावे. टाकणखार मात्र तान्ह्या मुलांना विषासारखा बाधू शकतो, तो आता सोडलेलाच बरा. फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातील लोह, फोलिक आम्ल आणि ‘ब-12’ तपासून घ्यावे, आणि टोचणारा दात असल्यास तो घासून घ्यावा. पण जो फोड तीन आठवड्यांत भरला नाही, मग तो दुखत असो वा नसो, तो घेऊन वैद्याच्या किंवा आजीच्या नव्हे, तर डॉक्टरच्या दारी जावे. आणि तोंडात तंबाखू-सुपारी असेल, तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नये.