इंग्लंडच्या खेड्यात ‘घर विकणे आहे’चा बोर्ड केवढा लावता येतो?

जास्तीत जास्त अर्धा चौरस मीटर, म्हणजे साधारण ७१ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. इंग्लंडच्या २००७ च्या जाहिरात नियंत्रण नियमांनुसार एवढ्या बोर्डसाठी स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करावा लागत नाही. त्याहून मोठा हवा असेल, तर परवानगी काढावी लागते. शेतजमीन किंवा दुकान विकायचं असेल, तर मर्यादा २ चौरस मीटर आहे.

निसर्गरम्य ग्रामीण पट्ट्यांचा बराच भाग ‘विशेष नियंत्रण क्षेत्रा’त येतो. एरवी बोर्ड जमिनीपासून ४.६ मीटर उंचीपर्यंत चालतो, इथे मात्र ३.६ मीटरपर्यंतच.

खरी अडचण वेगळीच आहे. ही सूट फक्त विकायच्या जागेवर लावलेल्या बोर्डला मिळते. घर आतल्या गल्लीत असेल, तर मुख्य रस्त्यावर बाण दाखवणारा बोर्ड या सुटीत बसत नाही. म्हणजे जिथून गाड्या जातात, तिथेच नेमकी पंचाईत!

व्यवहार पूर्ण झाल्यावर १४ दिवसांत बोर्ड काढावा लागतो. ‘विकलं गेलं’ असा नवा बोर्ड ठोकून एजंटला मिरवता येत नाही. आधीच्याच बोर्डवर तशी पट्टी जोडता येते.