विल्यमसनचा ध्वनिवर्धक

ग्रामोफोनवर एखाद्या गायकाचा आवाज घोगरा किंवा चिरका आला, कीं आपण तो दोष तबकडीच्या माथीं मारतों. पुष्कळदां खरा अपराधी असतो तो ध्वनिवर्धक, म्हणजे आपला ॲम्प्लिफायर. १९४७ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत इंग्लंडांतील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकानें यावर दोन लेख छापले. लेखक डी. टी. एन. विल्यमसन हा पंचविशींतलाहि नव्हता. ही योजना त्यानें १९४४ मध्येंच, व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कारखान्यांत नोकरीस असतां, आखली होती. केटी ६६ जातीच्या दोन व्हॉल्व्हवर १५ वॅट शक्ति, आणि विकृति हजारांत एका भागाहूनहि कमी! तो बांधण्यास घराघरांतून हौशी लोक सरसावले.

यांतील मुख्य युक्ति हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन एंजिनियरास १९२७ सालीं कामावर जातांना नावेंत सुचली होती. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा कांहीं अंश उलटा करून पहिल्या टप्प्याकडे परत धाडावयाचा. विद्यार्थ्याची चुकलेली वही आम्ही मास्तर त्याच्याच हातीं परत देतों, तसेंच हें. विल्यमसननें हा अंश थेट शेवटच्या ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडून घेतला व वर्धन मूळच्या दहाव्या हिश्शावर आणलें. मात्र दुरुस्ती वेळेवर पोंचली पाहिजे. ट्रान्स्फॉर्मरनें तिला वाटेंत फार रेंगाळविलें, तर चूक खोडण्याऐवजीं तिलाच उत्तेजन मिळतें आणि यंत्र आपोआप कंप पावूं लागतें.

म्हणून सामानाची यादी करतांना खर्चाचा मोठा वांटा या एका वस्तूसाठीं राखावयाचा. विल्यमसनच्या ट्रान्स्फॉर्मरांत पहिल्या तारेचे दहा व दुसरीचे आठ भाग एकमेकांत थरावर थर गुंफलेले असत. त्यामुळें दोन्ही तारांचा चुंबकीय संबंध घट्ट राहतो व अतितीव्र स्वरांतहि विलंब वाढत नाहीं. बाकी बाबतींत काटकसर चालते. १९४९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत सार्सर व स्प्रिंकल यांनीं केटी ६६ च्या जागीं तिकडे सहज मिळणारे ८०७ जातीचे व्हॉल्व्ह बसवून तीच रचना मांडली. ट्रान्स्फॉर्मर मात्र त्यांनींहि उत्तमच घेतला.

हें सारें वाचूनहि मीं स्वतः जुन्या रेडिओंतला ट्रान्स्फॉर्मर बसविला होता! कानाला थोडा कर्कशपणा जाणवला, एवढेंच. पण दिवा मालवतांच दिसलें, कीं व्हॉल्व्हच्या आंतील पत्रे लालबुंद झाले आहेत. कंप चालला होता तो ऐकूं न येणाऱ्या स्वरांत. उलट नेणारी तार काढली, तेव्हां लाली ओसरली. योग्य ट्रान्स्फॉर्मरपुरते पैसे साठण्यास पुढें दोन वर्षें लागलीं. तोंवर तो सांगाडा पलंगाखालीं पडून होता, आणि झाडतांना केरसुणी त्याला अडली, कीं घरांतून माझ्या काटकसरीची आठवण निघे.