‘सेंड’ बटणाची कुळकथा

बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या इकोस्पेस, इकोवर्ल्ड या कार्यालय-संकुलांत पुण्या-नागपुरातून आलेली कितीतरी मुलं प्रोग्रामिंग करतात. एपीआय तपासण्याच्या ‘पोस्टमन’ या साधनाची खिडकी त्यांच्या रोजच्या ओळखीची आहे: वर पत्त्याची पट्टी, शेजारी ‘सेंड’ बटण, खाली सर्व्हरचं उत्तर. ती याच शहरात जन्मली.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत. ती तपासायला पूर्वी हाताशी असे ते कर्ल, आदेश टाइप करून चालवायचं साधन. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रामरनं १९९८ साली ते या नावानं आणलं. अवजार भक्कम, आजही अजोड. पण पत्ता, हेडर, टोकन, जेसन सगळं एकाच आदेशात कोंबायचं; एक अवतरणचिन्ह निसटलं की बिघडलं. उत्तर बहुधा कंसांचा सलग गठ्ठा.

याहूच्या बंगळूर कार्यालयात आणि पुढे स्वतःच्या स्टार्टअपमध्ये अभिनव अस्थाना यांना हा जाच झाला. २०१२ मध्ये त्यांनी क्रोम ब्राउझरसाठी छोटं साधन बनवलं आणि फुकट वाटलं; तेच पोस्टमन. ते इतकं पसरलं की २०१४ मध्ये अंकित सोबती आणि अभिजित काणे यांच्यासह कंपनी काढावी लागली.

या खिडकीनं एचटीटीपी, म्हणजे वेबवरच्या विनंती-उत्तराची रीत, लपवलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिनं ते उलगडून मांडलं. विनंती गेट प्रकारची की पोस्ट, ते यादीतून निवडायचं. हेडरचा तक्ता वेगळा, बॉडीचा कप्पा वेगळा. उत्तरासोबत २०० (जमलं) की ४०४ (सापडलं नाही) हा आकडा आणि लागलेले मिलिसेकंद. नवख्या माणसाला विनंतीचे अवयव वापरता वापरता कळतात. जुळवलेल्या विनंत्या ‘कलेक्शन’मध्ये ठेवून सहकाऱ्याला देता येतात, आणि हवी तर तीच विनंती कर्लच्या आदेशात परतही मिळते. जुन्या अवजाराचा असा मान राखणारी साधनं थोडी.

२०२१ मध्ये कंपनीचं मूल्यांकन ५.६ अब्ज डॉलरवर गेलं. खिडकीतही गर्दी वाढली. २०२३ मध्ये खात्याशिवाय चालणारं ‘स्क्रॅच पॅड’ बंद झालं. कलेक्शन जपायचं तर लॉगिन आलं. त्यावर अनेक प्रोग्रामर नाराज झाले. याउलट ब्रुनोसारखी मुक्त साधनं विनंत्या साध्या मजकुराच्या फायलींत, आपल्याच संगणकावर ठेवतात. माझ्या मते तेच योग्य: मांडणी पोस्टमनची घ्यावी, पण काम ज्याचं त्याच्याच डिस्कवर राहावं.