स्टोमाची जागा बदलावी का? निर्णयापूर्वी हे जाणून घ्या

मोठ्या आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्याला पडलेले छिद्र अशा अनेक कारणांनी मल किंवा मूत्र बाहेर जाण्याचा नैसर्गिक मार्ग बंद करावा लागतो. अशा वेळी आतड्याचे टोक पोटावर आणून जो मार्ग तयार केला जातो, त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी आणि मूत्रासाठी असेल तर युरोस्टोमी. त्यावर पिशवी लावून रुग्ण नोकरी, प्रवास, संसार सारे काही करू शकतो. मात्र हाच स्टोमा त्रास देऊ लागला की, 'दुसरीकडे हलवून घ्यावा का?' हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही.

त्रास कोणते?

वारंवार आढळणारी एक गुंतागुंत म्हणजे स्टोमाभोवतीचा हर्निया. स्टोमासाठी पोटाच्या स्नायूत केलेली वाट हळूहळू रुंदावते व आतील आतडे त्वचेखाली उतरते. युरोपियन हर्निया सोसायटीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पहिल्या वर्षात ३० टक्क्यांहून अधिक, दोन वर्षांत सुमारे ४० टक्के आणि त्यापुढे निम्म्या वा अधिक रुग्णांना हा त्रास होतो. याखेरीज आतडे बाहेर लोंबणे (प्रोलॅप्स), स्टोमा आत खेचला जाणे, त्याचे तोंड आकुंचन पावणे आणि गळतीमुळे भोवतालची त्वचा सोलवटणे या तक्रारी आढळतात. इलिओस्टोमीतील स्रावात पाचकरस असल्याने त्वचेची हानी अधिक होते. म्हणूनच १९५२ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचे टोक उलटे दुमडून तोटीसारखे बाहेर ठेवण्याची पद्धत सांगितली. ती आजही वापरात आहे.

आधी साधे उपाय

प्रत्येक गुंतागुंतीवर शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्टोमा आत गेला असेल तर फुगीर तळाची (कॉन्व्हेक्स) चकती, खड्डे भरणारी पेस्ट आणि पट्टा यांनी गळती थांबू शकते. लहान, न दुखणाऱ्या हर्नियासाठी आधार देणारा कमरपट्टा, वजन आटोक्यात ठेवणे व जड ओझे टाळणे अनेकदा पुरेसे ठरते. स्टोमा तात्पुरता असेल, तर तो हलवण्याऐवजी आतडे पुन्हा जोडून बंदच करता येईल का, हे प्रथम विचारावे.

शस्त्रक्रिया केव्हा?

चकती एक-दोन दिवसही टिकत नाही, त्वचा बरी होत नाही, हर्नियामुळे वारंवार दुखते किंवा आतड्यात अडथळा येतो, अथवा मुळातच स्टोमा घडीत, जुन्या व्रणावर वा हाडाजवळ आला आहे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. तेव्हाही जागा बदलणे हा एकमेव मार्ग नसतो. आकुंचन किंवा प्रोलॅप्स यांवर त्याच जागी दुरुस्ती करता येते. हर्नियात केवळ टाके घालून वाट अरुंद केली, तर तो पुन्हा होण्याचे प्रमाण मोठे असते. म्हणून जाळी (मेश) बसविण्यास प्राधान्य दिले जाते.

जागा बदलण्याची किंमतही समजून घ्यावी. नव्या जागी हर्निया होऊ शकतो, जुन्या छिद्राच्या जागी होऊ शकतो आणि पोट मध्यभागी उघडल्यास त्या छेदातही होऊ शकतो. म्हणजे एका हर्नियाऐवजी तीन संभाव्य जागा. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतील तर जोखीम वाढते. स्टोमाभोवती पायोडर्मा गँगरिनोसम हा व्रण किंवा यकृताच्या विकारामुळे फुगलेल्या शिरा असतील, तर नव्या जागीही तोच त्रास उद्भवू शकतो. अशा रुग्णांत मूळ आजारावर उपचार हेच महत्त्वाचे.

नवी जागा कशी ठरते?

शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारद किंवा स्टोमा परिचारिकेने रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून व वाकवून जागेवर खूण करणे आवश्यक आहे. जागा रुग्णाला स्वतःला दिसावी, भोवतालची त्वचा सपाट असावी आणि स्टोमा पोटाच्या उभ्या स्नायूतून यावा. स्थूल रुग्णांत तो पोटाच्या वरच्या भागात घेणे सोयीचे असते. आपल्याकडे आणखी काही गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात: परकराची किंवा पायजम्याची नाडी कुठे बांधता, जमिनीवर मांडी घालून जेवायला बसता का, घरी भारतीय पद्धतीचे शौचालय आहे का. खूण केल्यावर तेथे रिकामी पिशवी लावून दिवसभर वावरून पाहणे उत्तम.

डॉक्टरांना काय विचारावे?

- माझ्या त्रासाचे नेमके कारण काय? सीटी स्कॅनची गरज आहे का?
- शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल?
- त्याच जागी दुरुस्ती शक्य आहे का? जाळी वापरणार का?
- दुर्बिणीद्वारे होईल की पोट उघडावे लागेल?
- पुन्हा त्रास होण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती?
- एकूण खर्च किती? विम्यात काय बसते?

धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबविणे, मधुमेह आटोक्यात आणणे व वजन घटविणे यांनी जखम भरण्यास मदत होते. शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे ओझे उचलू नये.

थांबू नये असे क्षण

स्टोमा काळा वा जांभळा पडणे, हर्निया टणक होऊन आत न जाणे, स्राव पूर्ण थांबून पोटदुखी व उलट्या सुरू होणे ही तातडीची लक्षणे आहेत. यात विचारविनिमयाला वेळ नसतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

इतर वेळी मात्र दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास संकोच करू नये. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांमध्ये या वाटेने गेलेले रुग्ण भेटतात. अनेकदा योग्य चकती मिळाल्यावरच शस्त्रक्रियेची गरज उरत नाही. आणि ती उरलीच, तर रुग्ण निर्णय समजून-उमजून घेतो.