प्रतिजैविकांनी ओसरलेला कर्करोग

१९८३ साली वैद्यकाच्या दोन वेगवेगळ्या शाखांत दोन शोध प्रसिद्ध झाले. त्यांचा परस्परांशी असलेला संबंध उघड व्हायला मात्र आठ वर्षे जावी लागली. (थ्रेड)

पहिला शोध ऑस्ट्रेलियातील पर्थचा. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरावर आढळणाऱ्या एका सर्पिल जिवाणूची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली. आम्लाने भरलेल्या जठरात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, अशी तेव्हाची धारणा होती. पुढे १९८९ मध्ये या जिवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले.

दुसरा शोध इंग्लंडमधला. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या विकृतिशास्त्रज्ञांनी अन्नमार्गाच्या अस्तरातील लसिका-ऊतीपासून उद्भवणाऱ्या, संथपणे वाढणाऱ्या एका लिम्फोमाचे वर्णन केले. हाच पुढे ‘माल्ट लिम्फोमा’ म्हणून ओळखला गेला. त्याआधी अशा कित्येक गाठींना ‘आभासी लिम्फोमा’ म्हणून बाजूला सारले जाई.

यात एक कोडे होते. निरोगी जठरात अशी लसिका-ऊती जवळजवळ नसतेच. मग जी ऊतीच नाही तिचा कर्करोग कसा होतो? उत्तर पर्थच्या जिवाणूत सापडले. संसर्ग वर्षानुवर्षे टिकला की प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे जमतात आणि जठरात नवी लसिका-ऊती तयार होते. १९९१ मध्ये अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी या लिम्फोमाचे ११० रुग्ण तपासले. त्यांपैकी ९२ टक्के रुग्णांच्या जठरात हा जिवाणू होता.

तरीही सहवास म्हणजे कारण नव्हे. खरी कसोटी १९९३ मध्ये लागली. याच गटाने इटलीतील सहकाऱ्यांबरोबर सहा रुग्णांना जिवाणूनाशक औषधे दिली आणि पाच जणांचा लिम्फोमा ओसरला. सहा हा आकडा अगदीच लहान. पण ज्या आजारासाठी जठर कापून काढण्याचा रिवाज होता, तो प्रतिजैविकांनी मागे हटतो, हे दाखवायला तेवढा पुरला.

असे का घडते, याचा छडा त्याच वर्षी ट्रेसी हसेल आणि आयझॅकसन प्रभृतींनी प्रयोगशाळेत लावला. रुग्णांच्या गाठीतील पेशींसमोर जिवाणू ठेवले, तेव्हा त्या वाढू लागल्या, तीही विशिष्ट वाणालाच प्रतिसाद देऊन. मिश्रणातून टी पेशी काढून टाकताच वाढ थांबली. गंमत अशी, की कर्करोगग्रस्त बी पेशी जिवाणूला स्वतः ओळखतच नाहीत. त्यांची प्रतिपिंडे बहुधा शरीराच्याच घटकांना चिकटतात. जिवाणूला ओळखतात त्या टी पेशी, आणि त्या चेतवल्या गेल्या की शेजारच्या बी पेशींना वाढीचे संकेत देतात. थोडक्यात, ही वाढ उसन्या बळावरची असते. जिवाणू गेला की टी पेशी शांत होतात आणि बी पेशींचा आधार तुटतो.

मग सहावा रुग्ण का राहिला? त्या एका रुग्णाविषयी नव्हे, पण अशा अनेकांविषयीचे उत्तर गुणसूत्रांत मिळाले. १९९९ मध्ये उलगडले, की काही गाठींत ११ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एपीआय-२ आणि माल्ट-१ ही जनुके जोडली जातात. बी पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जगण्या-वाढण्याची जनुके चालू करते. एरवी बाहेरून संकेत आल्यावर बीसीएल-१० आणि माल्ट-१ ही प्रथिने त्याला जागे करतात. ही कळ संकेत थांबताच बंद होते. जोडजनुकातून बनलेले प्रथिन मात्र संकेताची वाट न पाहता ती कळ कायम दाबून ठेवते. अशा पेशीला जिवाणूची गरज उरत नाही. असा बदल झालेल्या गाठी प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाहीत, हे २००१ मध्ये दाखवले गेले.

वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले, ते जठरदाह आणि अल्सरच्या संदर्भात. प्रारंभिक अवस्थेतील जठराच्या माल्ट लिम्फोमावर जिवाणू असल्यास आजही पहिला उपचार प्रतिजैविकांचाच असतो. गाठ विरायला कित्येक महिने लागू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसेनाशी झाल्यावरही काही रुग्णांत त्याच पेशीवंशाची जनुकीय खूण पुढे वर्षानुवर्षे सापडते, म्हणूनच त्यांची एंडोस्कोपी ठरावीक काळाने पुन्हा केली जाते.